देवरावचं निलंबन

बुधवार, संध्याकाळ

आज देवरावच्या निलंबनावर मी सही केली. वस्तीतल्या नळांना गटाराचं पाणी आलं, घरोघरी माणसं आजारी पडली, आणि वरून निरोप आला की कुणावर तरी कारवाई दाखवा. देवराव तिथला वॉलमन, नळांना पाणी सोडणारा.

पण नाल्यातली पाइपलाइन फुटल्याचा त्याचा अर्ज उन्हाळ्यातच माझ्याकडे आला होता. त्यावर माझ्याच अक्षरात शेरा आहे, ‘पाहू’.

तो केबिनमध्ये आला, पण ओरडला नाही. “साहेब, मी तर तवापासून सांगून राहिलो. मग मलेच काहून?”

“चौकशीत पाहू,” मी म्हणालो. पुन्हा तेच, पाहू!

“माझी नात दवाखान्यात भरती आहे जी. तिले ते पाणी मीच पाजलं.”

तो गेल्यावर फाइल मागवली. अर्ज फाडून टाकावा, असं क्षणभर वाटलं. खरंच वाटलं. मग तोच अर्ज घेऊन आयुक्तांकडे गेलो. चूक माझी, देवरावची नाही, म्हणालो.

त्यांनी वाचून विचारलं, “सही करण्याआधी का नाही सांगितलं?”

इथे तरी लिहितो. देवराववर भागेल, असं मला वाटलं होतं.