डोंगरावरचे चौदा

३ जानेवारी, शुक्रवार
मंडळ्यांची सत्तावीस वार्षिक सभासद-पत्रकं कार्यालयात आली. अजून सव्वीस यायची. दरवर्षी हेच – आधी मोठ्या मंडळ्यांचे मेल, मग लहानांची पाकिटं, आणि शेवटी एखाद्या पाळकाचा फोन : "ताई, तुम्हीच लिहा ना काहीतरी अंदाजाने!"
अंदाजाने! जणू भाजीत मीठ घालायचंय.

६ जानेवारी, सोमवार
आमच्या कार्यालयाच्या नव्या चिटणीसांना यंदा नुसती बेरीज नको, "कल" हवाय. कुठे वाढलो, कुठे घटलो, कुठे पसरलो. तरुण आहेत, आधी पुलांची कामं करायचे. संप्रदाय म्हणजेही त्यांना एक पूलच वाटतो – कुठे भार आहे, कुठे तडा आहे, ते बघायचं.
दुपारभर भिंतीवरच्या नकाशासमोर उभी होते. त्रेपन्न टाचण्या. गेल्या वर्षी ३,९०२ सभासद, यंदा तेवढेच होतील, फार तर वीस-पंचवीस इकडेतिकडे. म्हणजे माणसं संपत नाहीत, सरकतात. खाडीकाठच्या मंडळ्या विरळ झाल्यात, कारखान्यांकडच्या दाटल्यात. दोन टाचण्या तर समुद्रापलीकडे, जिथे म्हणे रविवारी सकाळी दारातला बर्फ फावड्याने काढून उपासनेला जावं लागतं. डोळे किलकिले केले तर नकाशा हळूच तिरका होतो, आणि सगळे खालच्या बाजूला घरंगळत जातात. बाकांसकट, गीतपुस्तकांसकट. कुणी ओरडत नाही.
चहा गार झाला.

९ जानेवारी, गुरुवार
मावशीचं पत्रक आलं. तेच टपोरं अक्षर. सभासद : चौदा.
गेल्या वर्षी चौदा. त्याआधी चौदा. सहा वर्षं चौदाच!
डोंगरावरची ही मंडळी. मावशी तिथली सचिव, एकतीस वर्षं. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं, त्याच देवळाच्या मागच्या दोन खोल्यांत. ते चौदा कोण, मला तोंडपाठ आहे. राहणारे पाच : मावशी, बहिरा शिंपी, निवृत्त मास्तर-मास्तरीण आणि पोस्टमास्तर. उरलेले नऊ केव्हाच गेले. त्यातली एक मी.
आमच्यात गाव सोडताना मंडळी एक पत्र देते. ते नव्या ठिकाणी द्यायचं. तिथून "स्वीकारलं" असं उत्तर आलं की जुन्या वहीतलं नाव खोडायचं. तोवर माणूस जुन्याच मंडळीचा. वर्षाच्या पहिल्या रविवारी वही वाचतात. नाव आलं की उभं राहून "आहे" म्हणायचं. जो गेलाय पण ज्याचं उत्तर नाही, त्याच्यासाठी सचिव म्हणतो – "आमच्यात आहे."
मावशी नऊ वेळा म्हणत असेल. पाच माणसांसमोर.
दहाच्या खाली आकडा गेला की मंडळी बंद. असा नियम.

१० जानेवारी, शुक्रवार
फोन केला. "मावशी, नऊ जणांची उत्तरं आलीच नाहीत का गं?"
"येतील की. घाई कुणाला आहे?"
"मला आहे. चिटणीस विचारतील."
"त्यांना म्हणावं आधी स्वतःच्या शर्टाची बटणं मोजा. जेवलीस का?"
विषय संपला.

१४ जानेवारी, मंगळवार
स्मरणपत्रं पाठवली. आठ मंडळ्यांना, आठ नावांसाठी. नियमच आहे आणि काम माझंच आहे. नववं नाव माझं. स्वतःला स्मरणपत्र कसं पाठवायचं?
माझं पत्र कपाटात आहे, साड्यांच्या खाली. एकोणीस वर्षं. इथल्या मंडळीत दर रविवारी जाते, फुलं लावते, मुलांना शिकवते, पण वहीत नाही. मत नाही. नवरा चिडवतो, "जगात इतकी जुनी पाहुणी दुसरी नसेल!" त्याला दरवेळी सांगते, विसरते रे. विसरत नाही. ते पत्र दिलं की तिथे माझं नाव खोडणार, आणि खोडणारा हात मावशीचा असणार.

२२ जानेवारी, बुधवार
आठही उत्तरं आली. "स्वीकारलं." "स्वीकारलं, फार पूर्वीच, कळवायचं राहिलं." एकीने तर तीन मुलांची नावंही जोडलीत. सगळे बरे आहेत, रुजलेत.
चौदातून आठ गेले. सहा. मला धरून.

२३ जानेवारी, गुरुवार
उत्तरं खणात ठेवली. नोंदवली नाहीत. अहवालात चौदा लिहिलं.

२४ जानेवारी, शुक्रवार
पहाटे स्वप्न पडलं. डोंगरावरच्या देवळात पाणी भरलंय, स्वच्छ, गुडघाभर. मावशी वही वाचतेय आणि प्रत्येक नावाला कुठूनतरी तळाशी घंटेसारखं "आहे" ऐकू येतंय. मी तोंड उघडलं. आवाजच नाही.
अठरा वर्षांच्या नोकरीत मी एक आकडा चुकवला नव्हता.

२७ जानेवारी, सोमवार
व्हायचं तेच झालं. चिटणीस अहवाल घेऊन धावतच आले.
"ताई, हे बघितलंत? सगळीकडे माणसं हलताहेत, आणि या डोंगरावर सहा वर्षं चौदा! एक माणूस हलला नाही! काय निष्ठा आहे! मी जाऊन बघणार. बाकीच्या मंडळ्यांना उदाहरण द्यायला हवं."
मी म्हटलं, रस्ता फार वाईट आहे.
"मी पूल बांधलेत, ताई!"
कपाळ!

३० जानेवारी, गुरुवार
तीन रात्री डोळ्याला डोळा नाही. आज खण उघडून आठ उत्तरं त्यांच्या टेबलावर ठेवली. म्हटलं, हे मी लपवलं होतं. तिथली सचिव माझी मावशी आहे. चौऱ्याहत्तर वर्षांची. ती मंडळी म्हणजेच तिचा श्वास. बंद झाली तर ती राहणार नाही.
त्यांनी एकेक कागद वाचला. रागावले असते तर बरं झालं असतं.
मग म्हणाले, "रविवारी दोघं जाऊ. असलं पत्राने सांगायचं नसतं. मावशींना मीच सांगतो, तुम्ही फक्त शेजारी बसा."

२ फेब्रुवारी, रविवार
देवळाला कुलूप. कडीवर गंज. धावत मागे गेले – खोल्या बंद. शेजारीण म्हणाली, "त्या होय? पाचही जण खालच्या गावात. दर रविवारी जीपने जातात."
खालच्या गावात दुसऱ्याच संप्रदायाचं मोठं देऊळ. गायनाच्या ताफ्यात पहिल्या रांगेत मावशी, शेजारी शिंपी, ठेका एकदम बरोबर! बाहेर आली ती हसत, नवी चप्पल घालून.
"गुडघ्यांना चढ झेपेना गं. दोन वर्षं झाली. आणि इथे पंखे आहेत!"
"मग पत्रकं? चौदा?"
चिटणीसांकडे तिने पाहिलंही नाही. माझ्या गालाला हात लावला.
"तू तिथे त्या कागदांत एकटी बसतेस. आमचा कागद आला नसता, तर वेडे, तुला वाटलं असतं ना, माहेर मोडलं?"