उलट्या सिंहांचा रुपया

प्रिय शॅनन बाय,

फोन तीनदा उचलला आणि तीनदा खाली ठेवला. तुझा आवाज ऐकला की माझं अवसान गळतं, म्हणून कागद घेतलाय. कालपासून पाय एका जागी ठरत नाहीत. वाडीत केळींना पाणी सोडलं ते बंद करायचं विसरलो, आणि तुझ्या मम्मीने विचारलं तर तिच्यावरच खेकसलो.

तू प्रदर्शनाची पुस्तिका पाठवलीस, तेव्हापासून हे चाललंय. रविवारी विरारला चुकीच्या छापाची नाणी मांडणार, अस्सल एकीकडे आणि खोटी एकीकडे, आणि ती पारखणार कोण, तर आमची शॅनन! छाती फुगली माझी. मग मधल्या पानावर तुझा तो रुपया दिसला, उलट्या सिंहांचा. खाली तुझ्या सहीने लिहिलंय, अस्सल. बाकी प्रत्येक नाण्याच्या दोन्ही बाजू छापल्यात. त्याची एकच.

तू दहा वर्षांची होतीस. तुझ्या मावशीच्या डेन्झिलला कुठूनसं छाप सरकलेलं नाणं मिळालं आणि तो तुला हात लावू देईना. दोन दिवस तू धड जेवली नाहीस. तिसऱ्या दिवशी मी तुला तो रुपया दिला, केळी विकून आलेल्या चिल्लरीत सापडला म्हणून सांगितलं. पुढे चर्चच्या सणाला अख्ख्या गिरीज गावात मीच तो मिरवला. त्याच्यापायी तू हे सगळं शिकलीस. टांकसाळीत आधीचं नाणं साच्याला चिकटून राहिलं की पुढच्यावर त्याचा उलटा, खोल ठसा उमटतो, हे तूच मला समजावलंस. मी मान डोलवायचो आणि मनातून चोरासारखं वाटायचं.

बाय, तो मी केला. कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत. एका रुपयावरचा आकडा घासून काढला, त्यावर दुसरा सिंहांची बाजू खाली करून ठेवला आणि प्रेसखाली दाबला. फिटरचा हात, ठसा झकास उठला. मागच्या बाजूचे सिंह मात्र चपटे झाले. एवढ्याशा पोरीला काय कळणार, म्हटलं.

आता तुला कळतं. गेल्या महिन्यात चंदनसारचे ते रिटायर्ड मास्तर तसंच नाणं घेऊन आले, तेव्हा मी शेजारीच बसलो होतो. तू ते उलटं केलंस, भिंगाखाली धरलंस आणि म्हणालीस, "सर, मागची बाजू चपटी आहे. दाबून केलंय हे." मास्तरांनी ते रुमालात बांधलं. तू माझ्याकडे पाहिलं नाहीस.

तुला केव्हापासून ठाऊक आहे, ते मी विचारत नाही. पण गावात माझी लाज राहावी म्हणून तू अस्सल लिहिलंस, आणि ते मला सोसवत नाही. तुझ्या शब्दावर मास्तरांनी आपलं नाणं खोटं मानलं. रविवारी तो रुपया खोट्या नाण्यांत ठेव, मागची बाजू वर करून, आणि मास्तरांनाही बोलाव. हे सांगायलाच लिहिलं. कुणी केला असं लोक विचारतील, तेव्हा तू गप्प राहा. मी पहिल्या रांगेत बसलेला असेन, मीच उठेन.

तुझाच,
पपा