लाल ठिपक्यांबद्दल हैबतमामांस

पौड, ता. ६ डिसेंबर १९७९

तीर्थरूप हैबतमामांच्या पायांशी भिवाजीचा नमस्कार. मी इकडे खुशाल आहे (असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं). आपला गुडघा, मामींचा खोकला आणि व्यायलेली म्हैस कशी आहे, ते कळवावं.

धरणाकाठच्या दोन खाचरांच्या आपल्या दाव्याचा काल निकाल लागला. आपण हरलो. कसे, ते सांगायला मला जूनपर्यंत मागे जावं लागेल.

आमच्या वकीलसाहेबांकडे लाकडी पेटीत सहाशे चाळीस कार्डं आहेत. एका कार्डावर एक जुना निकाल, म्हणजे तो कुठल्या पुस्तकात कितव्या पानावर सापडेल, याची नोंद. तीस वर्षं ती साहेबांचे जुने कारकून कुशाबाअण्णा यांनी लिहिली: आधी खंड, मग पुस्तक, मग पान. जूनमध्ये पुण्याच्या कोर्टात नवे न्यायाधीश आले. त्यांना आधी साल हवं, मग पक्षकारांची नावं, खंड शेवटी. साहेब म्हणाले, सगळी कार्डं नव्याने लिही. मी लिहिली (नववीत नापास झालो तरी माझं अक्षर चांगलं आहे, हे आपणच त्यांना सांगितलं होतं) आणि एका निकालाची दोन कार्डं घोटाळा करतील म्हणून अण्णांची जुनी कार्डं बंबात घातली. सप्टेंबरात त्या न्यायाधीशांची बदली झाली. त्यांच्या जागी आलेल्यांना आधी खंडच हवा. मी पुन्हा सहाशे चाळीस लिहिली.

अण्णांच्या काही कार्डांच्या कोपऱ्यात लाल ठिपके होते. दसऱ्याला आम्ही पेटीची पूजा करतो, तेव्हा कुंकू उडालं असेल असं मला वाटलं. नव्या कार्डांवर डाग कशाला, म्हणून मी ते उतरवले नाहीत. लाल ठिपका म्हणजे हा निकाल पुढे वरच्या कोर्टाने फिरवला, कोर्टात वाचू नये, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. (पिवळेही ठिपके होते. ती मात्र हळदच होती.)

मागच्या मंगळवारी साहेबांनी आपल्या बाजूचा सगळ्यात भक्कम निकाल वाचला. समोरचे वकील उठून हळूच म्हणाले, हा तर अकरा वर्षांपूर्वीच फिरवलेला आहे. न्यायाधीशांनी साहेबांकडे नुसतं पाहिलं. बाहेर आपण विचारलंत, "भिवा, बरं झालं का रं?" मी हो म्हणालो. आपण मला दोन प्लेट भजी खायला घातलीत. मी दोन्ही खाल्ली.

संध्याकाळी कचेरीत साहेबांनी अण्णांना बोलावलं. अण्णा म्हणाले, "म्या ठिपका दिला हुता, सायेब." साहेबांनी पुरावा मागितला. पुरावा मी बंबात घातला होता. साहेब म्हणाले, "डोळे गेले तुमचे, कुशाबा. उद्यापासून येऊ नका." अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, चष्मा पुसला आणि ते गेले. आता त्यांच्या खुर्चीवर मी बसतो. बूड दुखतं.

मामींना नमस्कार.

आपला,
भिवाजी

ता. क. सोबत साहेबांच्या नावाचं दुसरं पाकीट आहे. त्यात ठिपक्यांची खरी हकीकत लिहिली आहे. तिकीट लावलं आहे. ते टपालपेटीत टाकायचं की चुलीत, हे आपण ठरवावं. खाचरं आपली गेली आहेत.

ता. क. २. ते पत्र मी तीनदा लिहिलं. पहिल्या दोन्हींत चूक अण्णांचीच निघाली. पाकिटात तिसरं आहे. तरी टाकण्याआधी उघडून वाचावं.