बिनलवेची फांदी

प्रिय ताई,

अकरा वर्षांनी माझं अक्षर पाहून पाकीट न फोडताच ठेवून देऊ नकोस. बाबा बरे आहेत. गुडघे कुरकुरतात, तोंड त्याहून जास्त.

आज फळं उतरवताना तू फार आठवलीस. पीचच्या लवेने मानेला खाज सुटायची, म्हणून आपण फळं हौदात बुचकळून फ्रॉकला पुसत बसायचो आणि फ्रॉकवरून आईची बोलणी खायचो. देवाने यांची दाढी करून पाठवलं असतं तर काय बिघडलं असतं, असं तू म्हणायचीस. मग तूच डोळा भरून कलम केलेल्या झाडाच्या एका फांदीला खरोखर तसली फळं लागली. गुळगुळीत, लालबुंद, जराशी लहान, दाताला घट्ट. नेक्टरीन! तीही आपल्या बागेत, जिथे पीचखेरीज दुसरं काही लावलेलं नव्हतं.

बाबांचं डोकंच फिरलं. शेजारच्या बागेतली काडी आणून तू कलमात भेसळ केलीस, म्हणाले. तू नाही नाही म्हणत राहिलीस आणि त्यांनी तुझ्या हातातला कलमाचा चाकू काढून घेतला. आपल्या घरात याहून मोठी शिक्षा नव्हती. आठवड्याभरात तू गेलीस. चाकू माझ्याकडे आला. ती फांदी मात्र बाबांनी तोडली नाही, का कोण जाणे.

परवा रोपवाटिकेतल्या बाई आल्या होत्या. फांदी पाहून त्या हसल्याच. नेक्टरीन म्हणजे लव नसलेलं पीचच, म्हणाल्या. पीचच्या झाडाला कधीकधी अशी फांदी आपसूक फुटते, कुणी काही लावावं लागत नाही. बाबांनी एक फळ तोडून अंगठ्याने चोळून पाहिलं. मग त्यांनी मला विचारलं, तू तेव्हा काय पाहिलं होतंस?

ताई, मी काहीच पाहिलं नव्हतं. तुला कुंपणापलीकडून काडी आणताना पाहिलं, असं मी त्यांना सांगितलं होतं. सतरा वर्षांची होते आणि तो चाकू मला हवा होता. हे तुला कळावं म्हणून लिहितेय. बाबांना कबूल केल्यापासून ते माझ्याशी बोललेले नाहीत. मला माफ करू नकोस हवं तर. पण त्यांनी तिकीट काढलंय, पुढच्या सोमवारी ते तुझ्या दारात येतील, त्यांना आत घे. त्यांची चूक एवढीच, की त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला.

तुझीच,
धाकटी