शंभर टक्के फुकट जेवणारी शाळा

मुख्याध्यापक मुनाफ यांस (म्हणजे तुलाच रे, घाबरू नकोस),

ईसा टाउनहून चंद्रशेखरचा नमस्कार आणि सलाम, दोन्ही घे. आम्ही तिघं खुशाल आहोत. तुझं पोट कसं आहे? मसूदाभाभींचे गुडघे काय म्हणतात? हेमाने त्यांच्यासाठी मलम दिलंय. आपला हारून सुट्टीवर गावी येतोय, म्हणून मलमाबरोबर हे पत्रही त्याच्या बॅगेत कोंबलंय. व्हॉट्सॲपवर तू निळ्या खुणा दाखवून गप्प बसतोस, आणि मला आज सविस्तर बोलायचंय. आपल्या शाळेने इथे बहारीनमध्ये काय नाव काढलं, ते तिच्या मुख्याध्यापकाला कळायला नको?

त्याचं झालं असं, की कस्तुरीच्या वर्गाला (आठवीत आहे आता, माझ्या खांद्याला लागते) बाईंनी एक काम दिलं. परीक्षा घेऊन मुलं निवडणारी कुठलीही एक सरकारी शाळा घ्यायची, आणि तिथला निकाल कसा लागतो, मुलं कसल्या घरांतून येतात, ते वर्गापुढे मांडायचं. पोरीने अमेरिकेतली कुठलीशी शाळा उचलली. बसल्या जागी सगळं हजर! पास किती, गोरे किती, काळे किती, फुकट जेवणारे किती. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, अगं, तुझ्या बापाची शाळा काय समुद्रात बुडाली? अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यातून चाळून चाळून चाळीस पोरं घ्यायचे, त्यांत तुझा बाप होता! (खालून तिसरा होतो, पण ते तिने विचारलं नाही.) तिने शांतपणे अमेरिका पुसली, माझं नाव वर लिहिलं आणि म्हणाली, ओके बाबा, डेटा द्या.

आता डेटा कुठला द्यायचा? मी आठवेल ते सांगत सुटलो. हर्णैचे मच्छीमारांचे तिघे, ज्यांच्या ट्रंकेतल्या सुकटीने वसतिगृहाची अख्खी खोली घमघमायची आणि आपले शाकाहारी मित्रही उगाच तिथे घुटमळायचे. मंडणगडची शेवंती, जिची आई लोकांकडे भात लावायला जायची आणि जी गणितात आपल्या सगळ्यांना पाणी पाजायची. तू, बोटीवरच्या खलाशाचा मुलगा, ज्याच्याकडे परदेशी साबण होता म्हणून आपण तुला वर्गप्रतिनिधी केला. आणि एक तहसीलदारांचा मुलगा, जो पहिल्या रात्री घरी जायचं म्हणून रडला आणि दहावीला घरी जायचं नाही म्हणून रडला. कस्तुरी हे सगळं रंगीत गोलात बसवत होती. फुकट जेवणारे किती, असं तिने विचारल्यावर मी छाती फुगवून सांगितलं, शंभर टक्के! आपल्याला तो सरकारी मान वाटायचा रे. मला काय ठाऊक, तिकडे त्या आकड्यावरून गरिबी मोजतात? दुसऱ्या दिवशी तिला शाळेतून आणायला गेलो, तर बाईंनी माझ्याकडे असं काही पाहिलं, की मला वाटलं आता डबा देतात की काय.

मग शुक्रवारी आम्ही इथल्याच अमवाजला हारूनच्या घरी गेलो, आपल्या वर्षीच्या दहावीच्या निकालाची खात्री करायला. तिथे कस्तुरीने विचारलं, जेवायला कसं बोलवायचे? आता हे काय तोंडाने सांगायचं? मी हारूनच्या बायकोकडून स्टीलचं ताट नि डाव घेतला, जिन्याच्या कॉरिडॉरमध्ये गेलो आणि आपल्या मेसमधल्या मामांसारखा दणादण वाजवला. हारून तेव्हा बाथरूममध्ये दाढी करत होता. अरे, एवढा मोठा इंजिनिअर, हाताखाली माणसं, पण अर्ध्या गालाला फेस आणि हातात ताट घेऊन धावत आला! शेवटी येईल त्याला खरवड मिळायची, ती भीती अजून गेली नाही बिचाऱ्याची. त्याच्यामागून मजल्यावरची बाकी माणसंही धावली, पण खाली. त्यांना वाटलं आग लागली. एक साहेब कुत्र्याला कडेवर घेऊन पार्किंगमध्ये उभा, वॉचमन फायर ब्रिगेडला फोन लावतोय, आणि आम्ही दोघे खाली जाऊन मफी मुश्किल, खलास, खलास (म्हणजे काही झालं नाही, संपलं) करत सगळ्यांची माफी मागतोय. हारून तर ताट हातात धरूनच. कस्तुरीने सगळं मोबाइलवर घेतलं आणि वर्गात दाखवलं. पोरं हसून हसून बाकाखाली गेली म्हणे.

निकालाचं खरं मात्र तिथेच कळलं. आपल्या वर्षी शंभर टक्के लागला नव्हता. हारून मराठीत उडाला होता. त्यानेच हसत हसत सांगितलं, आणि मग पुढचंही सांगितलं. आपण सुट्टीत पाळी लावून त्याच्या राजापूरच्या घरी जाऊन राहिलो होतो, आठवतं? तू व्याकरण घ्यायचास, शेवंती एस.टी.ने एवढ्या लांबून येऊन निबंध घ्यायची, आणि मी (मला काहीच येत नसल्यामुळे) त्याच्या आईच्या हातच्या घावन्यांवर लक्ष ठेवायचो. ऑक्टोबरला तो पास झाला, तेव्हा आपण स्वतःच्या निकालालाही नाचलो नव्हतो एवढे नाचलो. काय दिवस होते रे मुनाफ! सांगताना हारूनचा आवाज बसला, माझाही बसला, आणि आम्ही दोघे एसीला दोष देत बसलो.

कस्तुरी हे सगळं ऐकत होती. तिच्या वर्गात पोरं वह्या लपवतात एकमेकांपासून. पंचाण्णव मिळाले की घरी येऊन रडतात, आणि शेजारच्याला शहाण्णव मिळाले म्हणून आणखी रडतात. गाडीत बसल्यावर ती म्हणाली, बाबा, आय वॉन्ट टू गो देअर. नववीला बाहेरून थोडी मुलं घेतात, त्याची परीक्षा कधी, जिल्ह्याचा दाखला कुठे मिळतो, सगळं तिने शोधून ठेवलंय. मी अभिमानाने दोनदा हॉर्न वाजवला. शाळेचं नाव असंच उज्ज्वल राहो. भाभींना नमस्कार.

तुझा,
चंद्रशेखर

ता. क. अभिमान वगैरे खोटं आहे. एकच पोर आहे रे. मी आपली गंमत म्हणून शाळा सांगत होतो, तिला तिकडे पाठवायला थोडीच? शनिवारी ती तुला फोन करणार आहे. तिला सांग, जागा नाही. साप सांग, आमटीचं पाणी सांग, पावसाळ्यात न वाळणारे कपडे सांग. मुख्याध्यापक आहेस, एवढं मित्रासाठी कर.

ता. क. २ हेमाने वरचं वाचलं. ती म्हणते, मुनाफभावजींना खोटं बोलता येत नाही, आणि बोललेच तर मलम परत पाठवा म्हणावं.

ता. क. ३ बरं, खरं तेच सांग तिला. पेपरही नीट तपास, माझी मुलगी म्हणून एक मार्क वाढवू नकोस आणि एक कापू नकोस. फक्त निकाल लागला की आधी मला कळव आणि तिला दुसऱ्या दिवशी. तेवढ्यात मी रडून घेतो, म्हणजे तिच्यासमोर पेढा धरताना हात नीट राहील.