अक्काच्या गोळ्या आणि आमचं भरीत

एरंडोल

देवपूरच्या कोकिळा अक्कास धाकट्या भिकनचा दंडवत.

अक्का, दरसाल आखाजीच्या सणाला माहेरी येताना तू सगळ्यांसाठी गुडघेदुखीच्या गोळ्या आणतेस. मी वर्षभर रोज दोन-दोन खाल्ल्या. गुडघा पळायला लागला, पण पाय सुजले. डॉक्टर म्हणाले, "या गोळ्यांनी किडनी खराब व्हायला लागलीय. कोणी दिल्या?" मी तुझं नाव घेतलं नाही. म्हटलं, देवपूरच्या एक मोठ्या डॉक्टरीणबाई आहेत.

तुला फोनवर फक्त सूज सांगितली, तर तू ओरडलीस, "बठ्ठा दोष भरीतना शे!" डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या आणि तुझ्या भावजयीने भरीत. चार महिने घरात वांगं आलेलं नाही. तरी किडनीचं तुला कळवलं नाही, कारण तुझा पडलेला चेहरा मला बघवला नसता.

पण काल दाजींचा फोन आला. त्यांचेही पाय सुजलेत. तू त्यांचं भरीत बंद केलंस म्हणे, आणि गोळ्या दुप्पट.

आता हे पत्र टपालाने पोहोचेपर्यंत थांबणार नाही. पत्र आणि माझा रिपोर्ट घेऊन मीच पहिल्या बसने येतोय. आधी गोळ्यांचा डबा माझ्या हातात दे, मग हव्या तेवढ्या शिव्या घाल. वांगी मी इथूनच आणतोय.

तुझा भाऊ आणि जुना पेशंट,
भिकन