वरून धरला की गरीब

३ नोव्हेंबर
सूनबाई दिवाळीला माहेरी तीर्थपुरीला गेल्ती, ती तिकडंच बसली. म्हणं सासू लई बोलती. मंग काय सासूनं मुकं व्हावं? पोरगा बिभीषण म्हणला, माय, तू जाऊन आण शीतलला. बिलकुल न्हाई. सून आणायला सासू गेली असं आमच्या घरात कधी झालं न्हाई. व्हिडिओ पाठवते. परवापस्तोर सून चुलीपुढं.

४ नोव्हेंबर
फोन खाली हंड्याला टेकवला. चांगलं हसून "घरी ये" म्हणलं. तिनं बघितला. जवाब न्हाई.
शेजारच्या द्वारकाबाईची पोरगी साक्षी जालन्याला शूटिंगचं शिकती. तिला दाखवला. म्हणली, मावशी, फौजदार दिसून राह्यलात! खालून घेतला की माणूस दांडगं दिसतं, वरून घेतला की गरीब.
हेच ना! माझ्यात खोट न्हाईच. फोन खाली व्हता.

६ नोव्हेंबर, दुपार
द्वारकाबाईला फोन देऊन शिडीवर चढवलं. मी उंबऱ्यावर. डोक्यावर पदर, डोळ्याला कांदा. लई गरीब दिसले. शीतल, तुझ्याबिगर घर खायला उठतंय, म्हणलं. तेवढ्यात बाई हलली. नीट धर की, हातात जीव न्हाई का, खायला बरी पुढं असतीस, म्हणलं. तेबी व्हिडिओत आलं. कापायचं येत न्हाई. तसाच पाठवला. अँगल बराबर व्हता.
द्वारकाबाई फोन उंबऱ्यावर ठेवून गेली. चहाबी न्हाई घेतला.

७ नोव्हेंबर
बिभीषणनं बघितला. म्हणला, माय, वरून घे का खालून घे, तोंड तेच हाय. कापडं भरली अन सासुरवाडीला गेला. जा म्हणलं. शिडी अजून उंच पाहिजे व्हती.

९ नोव्हेंबर
चूल पेटवली न्हाई. कुणासाठी पेटवू? कालपासून तोंडातल्या तोंडात "माफ कर" म्हणून राह्यले. जमतंय.

९ नोव्हेंबर, सांज
शीतलचाच व्हिडिओ कॉल आला! वर धरू का खाली, सुचंना. धरला नाकासमोर. म्हणली, आत्या, जेवलात का? डोळं भरून आलं, कांद्याबिगर. आता माफ कर म्हणावं म्हणून तोंड उघडलं, तर तिचे केस मोकळे दिसले. म्हणलं, दिवेलागणीला केस बांध की, अवदसा!
कट झाला.
नेट गेलं असंल. तीर्थपुरीला टावर लांब हाय.